भरल्या बागेतील नांगे

तीस वर्षे शेतकी खात्याची नोकरी करून मी शिरपूर तालुक्यातील शेतकऱ्यांना लावणी शिकविली, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. ज्यांचे आजे-पणजे तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत केळीचे कंद रोवीत आले, त्यांना लावणी अवगत होतीच. माझ्या हातून त्यांना काही शिकविले गेले असेल, आणि त्यांच्या बांधावर बसून मी स्वतः काही शिकलो असेन, तर ती विद्या उपटण्याची होय. आपण लावलेले, आपण पाणी पाजलेले, दुरून हिरवेगार दिसणारे झाड, त्याच्या एका पानावर चार फिकट रेघा उमटल्या एवढ्याच कारणावरून कंदासकट उपटून मातीआड करावयाचे, ही गोष्ट लिहिण्यास सोपी, सांगण्यास अवघड आणि करण्यास फार जड आहे. ती करण्यास माणसाचे मन कसे तयार होते, आणि ते वेळेवर तयार झाले नाही तर काय घडते, हे मी ज्या क्रमाने पाहिले त्याच क्रमाने येथे सांगणार आहे.

शेतकी शाळेत असताना आमचे गुरुजी आम्हांला कोणत्याही शेताच्या बांधावर उभे करून प्रथम नांगे मोजावयास लावीत. ओळीत जेथे रोप उगवले नाही, किंवा उगवून मेले, ती मोकळी जागा म्हणजे नांगा. आणि ज्याच्या शेतात नांगे अधिक तो शेतकरी आळशी, ज्याने ते वेळीच भरून घेतले तो कष्टाळू, हा त्यांचा साधा हिशेब होता. पेरणीच्या पिकांपुरता तो खराही होता. शिरपुरास रुजू झालो तेव्हा हाच हिशेब माझ्या मनात होता, आणि भरगच्च ओळींची बाग दिसली की तिच्या मालकाविषयी माझ्या मनात आपोआप आदर उत्पन्न होई. पुढील आयुष्यात मला ज्या एका समजुतीशी सर्वांत अधिक झगडावे लागले, ती अशी प्रथम माझ्याच ठिकाणी होती.

शिरपूर तालुका उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी सुरू होतो आणि दक्षिणेस तापीच्या पात्राशी संपतो. अनेर आणि अरुणावती या नद्या डोंगरातून उतरून तापीस मिळतात, आणि फारुकी सुलतानांची एके काळची राजधानी असलेले थाळनेर त्याच तापीच्या काठावर, जुन्या कबरी सांभाळीत बसलेले आहे. वरच्या अंगास ज्वारी आणि कापूस, आणि जसजसे नदीकडे उतरावे तसतशी ऊस, केळी आणि पपई, अशी येथील पिकांची जुनी मांडणी होती. २००४ नंतर भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तालुक्यातील नाले खोल आणि रुंद करून त्यांवर बंधाऱ्यांची मालिका बांधण्यात आली, आणि ज्या विहिरी संक्रांतीनंतर तळ दाखवीत त्यांत उन्हाळ्यातही पाणी दिसू लागले. त्या पाण्याने बागायत नदीपासून दूरवर पसरली, घरोघर चार पैसे आले, आणि त्याचे मोल जाणणाऱ्यांपैकी मी एक आहे. परंतु पूर्वी चैत्र-वैशाखात जे रान करपून उघडे पडत असे, ते आता बारमाही हिरवे राहू लागले. आणि हिरवळीवर जगणाऱ्या किडींना जो सक्तीचा उपवास घडत असे तो आपोआप सुटला, हेही मला माझ्या फिरतीत स्पष्ट दिसले. पाण्याबरोबर जबाबदारी येते ती अशी.

केळीच्या लागवडीचे खानदेशात दोन हंगाम आहेत. मृगाच्या पावसावर, जून-जुलैत लावतात ती मृगबाग, आणि पावसाळा ओसरल्यावर लावतात ती कांदेबाग. मी ज्या रोगाविषयी लिहीत आहे तो मुख्यतः मृगबागेचा वैरी. आषाढ-श्रावणात झड लागते, आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तापमान २४-२५ अंशांवर येऊन स्थिरावते, आणि दोन-अडीच महिन्यांच्या कोवळ्या बागेत एखाद्या झाडाच्या पानावर मधल्या शिरेपासून कडेकडे जाणारे, तुटक तुटक, फिकट पिवळे पट्टे दिसू लागतात. शास्त्रीय ग्रंथांत त्या विषाणूस काकडीवरील मोझॅकचा विषाणू असे नाव आहे, कारण १९१६ साली अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले ते काकडीवर. खानदेशातील शेतकरी मात्र त्याला हरण्या म्हणतात, आणि हरण्या आला एवढे दोन शब्द कानी पडले की पारावरचे बोलणे थांबते.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यात तापीकाठच्या एका गावातील वृद्ध शेतकऱ्याने, ज्यांना सारा गाव आबा म्हणत असे, मला आपल्या दोन एकरांच्या मृगबागेत नेले. पाच फुटांवर एक झाड या मानाने एकरी सुमारे १,७४० झाडे, म्हणजे दोन एकरांत साडेतीन हजार. एकही नांगा नव्हता. आबांनी एका झाडाचे पान हातावर घेतले आणि म्हणाले, “भाऊ, हाई पान देख. असं पिवळं कसं पडनं?” मी पान उलटेपालटे करून पाहिले. अशी झाडे पंधरा-वीस असतील. पाने पिवळी पडणे म्हणजे अन्नद्रव्याची उणीव, हे मला पाठ होते. सततच्या पावसाने जमिनीतील जस्त आणि मॅग्नेशियम मुळांना मिळेनासे झाले असावे असे अनुमान मी केले, फवारणीचा कागद लिहून दिला, आणि तीन आठवडे वाट पाहावयास सांगितली. ते शब्द मी अत्यंत आत्मविश्वासाने उच्चारले होते, आणि त्यांची टोचणी मला आजही आहे.

तीन आठवड्यांनी, पोळ्याच्या आधी, मी पुन्हा त्या बांधावर गेलो तेव्हा पानांच्या कडा आकसून नागमोडी झाल्या होत्या, नवी पाने अरुंद आणि आखूड निघत होती, आणि कित्येक झाडांचा पोंगा आतून सडून काळा पडला होता. पंधरा-वीसची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. पोळ्याच्या दिवशी आबांनी बैलांना न्हाऊ-माखू घातले, गावातून मिरविले, पुरणपोळी खाऊ घातली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बैलांना औतास जुंपून सारी बाग मोडली. मला दोषाचा एक शब्द त्यांनी ऐकविला नाही. “आते काय करानं भाऊ?” एवढेच ते बोलले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. चुकीबद्दल रागावणारा मनुष्य आपले ओझे थोडे हलके करतो. न रागावणाऱ्याने ते सारे माझ्यापाशी ठेवले, आणि तेच मला पुढे उपयोगी पडले.

त्या अस्वस्थतेत मी जळगावच्या केळी संशोधन केंद्रात गेलो, आणि तेथील शास्त्रज्ञांनी दोन दिवस मला बागेत फिरवून जे दाखविले त्याने माझे डोळे उघडले. उणीव आणि विषाणू यांतील भेद पानावर शोधण्यापूर्वी बागेच्या मांडणीत शोधावा, हा त्यांचा पहिला धडा. उणीव जमिनीच्या पोताप्रमाणे येते, म्हणून ती सलग पट्ट्याने दिसते. हरण्या विखुरलेला येतो, येथे एक झाड, चार ओळी सोडून दुसरे, आणि रोगट झाडास खेटून उभे असलेले झाड पूर्ण निरोगी. कारण त्याला वाहून आणणारा मावा उडत येतो, आणि कोठे उतरेल याचा नियम नाही.

दुसरा धडा याहून कठीण होता. मावा झाडावर उतरला की रस पिण्यापूर्वी आपली सूक्ष्म सोंड पानात क्षणभर टोचून चव पाहतो. झाड रोगट असेल तर त्या काही सेकंदांतच विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकास चिकटतो, आणि पुढच्या झाडावर तसेच टोचले की तितक्याच अल्पावधीत तो तेथे पोचतो. हे वाहकपण फार वेळ टिकत नाही; थोड्या वेळात सोंड पुन्हा निर्दोष होते. परंतु औषधाने मावा मरावयाचा तो टोचल्यानंतर, आणि तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. म्हणून फवारणीने माव्याची वाढ आटोक्यात येते, रोग थांबत नाही. आणि विषाणू एकदा झाडात शिरला की तो त्यातून काढणारे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. वैद्याने नाडी सोडावी तसा मी हताश होऊन विचारले, “मग उपाय कोणता?” त्यांनी वाकून एक झाड कंदासकट उपटले आणि माझ्या हातात दिले.

परत आल्यावर मी जी पद्धत शेतकऱ्यांबरोबर हळूहळू बसविली, तिच्यात नवा शोध काही नव्हता; होती ती केवळ शिस्त. लागवडीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दर चौथ्या दिवशी, सकाळी, ऊन तिरपे असताना, प्रत्येक ओळीतून चालावयाचे, आणि वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाकडे प्रकाश आरपार येईल असे पाहावयाचे. संशयित झाडाच्या शेजारील खोडावर चुन्याची खूण करावयाची. उपटण्यापूर्वी त्या झाडावर आणि भोवतालच्या झाडांवर माव्यासाठी फवारणी करावयाची, नाहीतर हादऱ्याने उठलेला मावा उडून शेजारी जाऊन बसतो. मग कुदळीने कंद मुळासकट काढावयाचा, कारण कंद राहिला तर त्यातून फुटणारे पील तोच विषाणू घेऊन वर येते. झाड ओळींतून फरफटत न नेता गोणपाटात गुंडाळून बागेबाहेर न्यावयाचे आणि खड्ड्यात पुरावयाचे. आणि शेवटी, ओळीचा व झाडाचा क्रमांक तारखेसह वहीत नोंदवावयाचा. नोंदीचा आग्रह मी कचेरीच्या सवयीने धरला असे काहींना वाटे. परंतु या फेरीत सहा, पुढच्या फेरीत चार, त्यापुढे एक, असा उतरता आकडा स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावाचून उपटणाऱ्याच्या मनाला धीर येत नाही, हा माझा अनुभव आहे.

ही नजर प्रत्येकास सारखी नसते. माझ्या ओळखीत तिचा सर्वांत मोठा धनी म्हणजे सातपुड्यातून उतरून एका बागायतदाराकडे आखाजीपासून आखाजीपर्यंत सालाने राहिलेला एक पावरा गडी होता. त्याला अक्षरओळख नव्हती. परंतु ज्या पानावर मला काहीच दिसत नसे, तेथे थबकून तो म्हणे, “साहेब, हाई झाड बिमार शे,” आणि चार दिवसांनी तेथे पट्टे उमटत. रोज त्याच ओळींतून पाणी फिरविणाऱ्याच्या डोळ्यांना झाडाच्या चालण्या-बोलण्यातला जो किंचित फरक कळतो, तो पुस्तकात उतरविता येत नाही. मी तालुक्यातील बैठकांत मालकांबरोबर सालदारांनाही बोलवावयाचा परिपाठ ठेवला तो त्याच्यामुळे.

उपटण्याइतकाच कठीण दुसरा भाग म्हणजे विषाणूची इतर आश्रयस्थाने दूर करणे. या विषाणूला हजाराहून अधिक जातींच्या वनस्पती चालतात: काकडी, भोपळा, गिलके, कारले, टोमॅटो, मिरची, आणि बांधावरचा केना व धोतराही. तणांचा नाश करावयास कोणी नाही म्हणत नाही. परंतु खानदेशात बागेभोवती वाऱ्याच्या आडोशासाठी शेवरी लावतात, आणि त्या शेवरीवर घरच्या बाईने गिलक्याचा आणि डांगराचा वेल चढविलेला असतो. त्या वेलाचा सातबाऱ्यावर उल्लेख नसतो आणि उत्पन्नाच्या हिशेबात तो धरला जात नाही. पण श्रावणात घरात भाजी कोठून येते, हे त्या बाईस ठाऊक असते. एका घरी मी वेल काढण्याचा विषय काढला तेव्हा पुरुष मंडळी लगेच कबूल झाली, आणि दाराआड उभ्या असलेल्या वहिनींनी मात्र विचारले, की वेल कापावयाचा तो कोणाला विचारून? प्रश्न सर्वथा न्याय्य होता. मी त्यांना बागेत येण्याची विनंती केली, गिलक्याच्या पानावरील हिरवे-पिवळे ठिपके दाखविले, आणि त्याच्या खालच्या बाजूस बसलेला मावा दाखविला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदर खोचून त्यांनी स्वतःच वेल ओढून काढला, आणि त्या वर्षी मेथी-पालकाचे दोन वाफे घराच्या मागे, बागेपासून दूर टाकले. तेव्हापासून घरातील बाईला डावलून मी वेलांविषयी कोठेही बोललो नाही.

परंतु या कामातील खरी अडचण झाडांची नसून बांधांची आहे, हे मला अनेरकाठच्या एका गावात कळले. तेथे दोघा सख्ख्या भावांच्या बागा शेजारी शेजारी होत्या, आणि मधल्या बांधावरून त्यांचा दिवाणी दावा चालू होता. धाकटा दर चौथ्या दिवशी फेरी घालून रोगट झाडे काढीत होता, तरी त्याचा आकडा उतरत नव्हता. थोरल्याच्या बागेत हरण्या उघड उघड दिसत होता. परंतु नुकसानीचा पंचनामा व्हावयाचा तर झाडे उभी असली पाहिजेत, अशी त्याची समजूत होती, आणि धाकट्याचे नाव निघाले की तो संभाषणच बंद करी. पंचनाम्याची अडचण मी सोडवू शकलो: चार पंचांदेखत झाडे मोजून, छायाचित्रे घेऊन, कागद करून मग ती काढावीत असे ठरले. तरीही कुदळ चालेना. अखेर एका पहाटे मी थोरल्यास विनंती केली, की फक्त एकदा माझ्याबरोबर भावाच्या बागेत या. तो आला. मी काही न बोलता त्याला ओळींतून नेले.

बांधालगतच्या पहिल्या चार ओळींत नांगेच नांगे होते. जसजसे आत जावे तसतसे ते विरळ होत होते, आणि पलीकडच्या कडेस ओळ अखंड होती. रोग कोणत्या बाजूने येत होता ते त्या मोकळ्या जागांनी इतके स्पष्ट सांगितले, की मला व्याख्यान देण्याची गरजच पडली नाही. थोरला भाऊ बांधाकडे पाहत उभा राहिला, मनाशी काही मोजले, आणि तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा सालदार कुदळ घेऊन बागेत उतरला होता. पुढे त्या हंगामात दोघांचे सालदार दोन्ही बागांची फेरी बरोबरच घालीत. दावा कोर्टात चालूच राहिला, आणि भाऊ एकमेकांशी बोलू लागले असेही मी सांगणार नाही. परंतु दर चौथ्या दिवशी दोन घरांची माणसे एकाच ओळीतून चालत होती. आपल्या बागेतील उपटलेले झाड हा शेजाऱ्यावर केलेला उपकारच असतो, आणि उभे ठेवलेले रोगट झाड ही त्याच्या शेतात केलेली घुसखोरी असते, हे त्यानंतर मी प्रत्येक गावी निःसंकोच सांगू लागलो.

रोग बागेत येण्याची आणखी एक वाट म्हणजे खुद्द बेणे. पूर्वी बसराईसारख्या जातींचे कंद जुन्या बागेतून काढून लावीत, आणि मातृझाड दूषित असेल तर प्रत्येक कंदाबरोबर रोग नव्या जागी वसतीस जाई. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तँ यांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्यातील सूक्ष्म वर्धनशील भाग काचपात्रात वाढवून निरोगी झाड मिळविले, आणि त्या प्रयोगातून निघालेली विद्या चार दशकांनी ऊतिसंवर्धित ग्रँड नैनच्या रूपाने खानदेशात आली. उत्पन्न वाढले, घड एकाच वेळी निसवू लागले, आणि शेतकऱ्यास वाटले की प्रयोगशाळेतून आलेले रोप म्हणजे रोगमुक्त रोप. ते तसे असते, पण मातृझाडाची विषाणूपरीक्षा झालेली असेल तरच. भारत सरकारने २००६ साली अशा रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली ती त्याचसाठी. शिवाय पिशवीतील कोवळे रोप ज्या जाळीघरात वाढते त्याच्या कुडाशी काकडीचा वेल असेल, तर प्रयोगशाळेची सारी शुद्धता शेवटच्या पंधरवड्यात व्यर्थ जाते. म्हणून रोपे घेण्यापूर्वी प्रमाणपत्र पाहा आणि रोपवाटिकेभोवती एक फेरी मारा, असा सल्ला मी देत आलो. २०२० च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात हरण्याने बागाच्या बागा मोडावयास लावल्या, तेव्हा त्या वार्तेने आमच्या तालुक्यातही झोप उडाली, आणि फेरीला न मानणारे कित्येक जण त्या वर्षी फेरीला निघाले.

शिरपुरात केळीच्या जोडीला पपई आहे, आणि तिचे दुखणेही याच धर्तीचे. कपूर आणि वर्मा यांनी १९४८ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातील पपईवरील मोझॅक रोगाची नोंद प्रसिद्ध केली होती. पुढे हवाई बेटांत पपईच्या वलयी ठिपक्यांच्या रोगाने बागा इतक्या उद्ध्वस्त केल्या, की डेनिस गोन्साल्विस यांनी विषाणूचाच एक अंश झाडात घालून तयार केलेली प्रतिकारक्षम जात १९९८ मध्ये तेथील शेतकऱ्यांच्या हाती द्यावी लागली. आमच्या पपईस असा आधार नाही. तिलाही नजर आणि कुदळ याच दोन गोष्टी तारतात.

आणि एका एकादशीस शेताच्या बांधावर साबुदाण्याची खिचडी खात असताना सोबतच्या तरुणाने सहज विचारले, की हा साबुदाणा कोणत्या झाडाला लागतो. तो कसावाच्या कंदाचा, आणि आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूतील सेलमच्या बाजूने, असे मी सांगितले. कसावाही केळीसारखाच बीजाविना, खोडाच्या कांड्यांपासून लावला जातो, आणि त्याचाही मोझॅक रोग कांड्यांबरोबर आणि पांढऱ्या माशीबरोबर पसरतो. पूर्व आफ्रिकेत त्याचे वर्णन १८९४ साली झाले. १९९० च्या दशकात युगांडात दोन विषाणूंच्या संकरातून उद्भवलेल्या उग्र प्रकाराने लक्षावधी गरिबांच्या ताटातील मुख्य अन्नच हिरावून घेतले. आणि २०१५ साली श्रीलंकेतील कसावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू कंबोडियात आढळला व लागवडीच्या मोळ्यांबरोबर शेजारच्या देशांत पसरला. केरळातील श्रीकार्यम येथे १९६३ पासून कंदपिकांची जी मध्यवर्ती संशोधन संस्था आहे, तेथेही निरोगी बेणे, प्रतिकारक्षम जाती आणि रोगट झाडांचे वेळीच निर्मूलन, याच तीन गोष्टींवर भर आहे. त्या तरुणाने डबा मिटला आणि म्हणाला, की म्हणजे तिकडेही कोणीतरी सकाळी ओळींतून फिरत असेल. मला ते वाक्य फार आवडले. युगांडातील ज्या बाईने आपल्या हाताने लावलेली कसावाची झाडे उपटली असतील, तिची आणि आमच्या गिलक्याच्या वेलापाशी उभ्या राहिलेल्या वहिनींची भाषा भिन्न असेल. हाताला बसणारा हिसका एकच असतो.

निवृत्त होऊन मला आता काही वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात तापीकाठच्या त्याच गावातून आबांच्या नातवाचा निरोप आला, की काका, एकदा बाग पाहून जा. आबा आता नाहीत. मी गेलो तेव्हा झड नुकतीच उघडली होती, आणि ज्या दोन एकरांत मी एके काळी चुकीचा कागद लिहून दिला होता, त्याच दोन एकरांत चार महिन्यांची मृगबाग उभी होती. शेवरीवर एकही वेल नव्हता. नातवाने वही आणली. पहिल्या फेरीत सात, दुसरीत तीन, तिसरीत एक, आणि पुढील सर्व तारखांपुढे शून्य. ती झाडे निघाली तेथे त्याने नवी रोपे लावली नव्हती, कारण मागून लावलेले कोवळे रोप माव्याला आधी सापडते आणि बागेबरोबर निसवतही नाही, हे त्याला ठाऊक होते. “अकरा झाडं गयात काका,” तो म्हणाला, “बाग शे.”

आम्ही ओळींतून चालू लागलो. दोन्ही बाजूंनी पाने एकमेकांत मिसळून वर सावली धरीत होती, आणि जेथे नांगा होता तेथे तेवढे ऊन जमिनीवर उतरून ओली माती वाळवीत होते. शेजारच्या खोडांवर चुन्याच्या खुणा पावसाने पुसट झाल्या होत्या, तरी त्या दिसत होत्या. गुरुजींनी लावलेली सवय हातापायांत इतक्या वर्षांनीही होती. मी शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन ते नांगे मोजले, आणि ते अकरा भरल्यावर आबांच्या बांधावर निवांत बसलो.